भिंतीवरचे ठिगळ : घरच्या घरी रंगाची डागडुजी करताना होणाऱ्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

श्रावण सरत आला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घराघरांतून एक ठरावीक दृश्य दिसू लागते. माटोळीची चौकट पुसून ठेवली जाते, गणपती बसतो त्या खोलीतील सामान हलवले जाते आणि वर्षभर कपाटामागे दडलेली भिंत प्रथमच नीट नजरेस पडते. खिळ्यांची भोके, कपाटाच्या कोपऱ्याने काढलेले ओरखडे, खाली जमिनीलगत सुटलेले पोपडे असे सगळे एकदम दिसते. चवथीच्या तोंडावर रंगारी मिळत नाही आणि मिळाला तरी एवढ्याशा कामासाठी येत नाही. मग माळ्यावरून गेल्या खेपेचा उरलेला रंगाचा डबा खाली उतरतो. तासाभरात काम उरकते. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून तिरपा उजेड आत आला की लक्षात येते, चार डागांच्या जागी चार ठिगळे झाली आहेत.

माझ्या स्वतःच्या घरी हे दोन वर्षे लागोपाठ घडले. पहिल्या वर्षी मखरामागच्या भिंतीवर तळहाताएवढा पांढुरका चौकोन उमटला. दुसऱ्या वर्षी तो झाकण्याच्या खटपटीत चौकोनाचे ताट झाले. रंग तोच, डबा तोच, भिंत तीच. मग फरक कशाचा, या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले ते येथे मांडले आहे. रंगकामाच्या माहितीपत्रकांतून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी कोरड्या हवेतील सिमेंटच्या भिंती गृहीत धरून लिहिलेल्या असतात. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आपल्या चिऱ्याच्या भिंतींना त्यांतील अर्ध्या गोष्टी तशाच्या तशा लागू पडत नाहीत.

तोच रंग वेगळा का दिसतो

ठिगळ दिसण्याची कारणे चार आहेत आणि बहुधा दोन-तीन एकाच वेळी हजर असतात. पहिले कारण वयाचे. भिंतीवरचा रंग उन्हाने फिका पडलेला असतो, स्वयंपाकघराच्या बाजूला धुराने पिवळसर झालेला असतो, देवघरात समईच्या काजळीने मळलेला असतो. डब्यातला रंग मात्र पहिल्या दिवसाइतकाच ताजा राहतो. दुसरे कारण चकाकीचे. रंगाची छटा तंतोतंत जुळली तरी नव्या थराची चकाकी जुन्यापेक्षा कमी-जास्त असली की बाजूने पाहताना डाग उठून दिसतो. तिसरे कारण शोषणाचे; लांबी भरलेली किंवा घासलेली जागा रंगातील पाणी आणि चिकट द्रव्य भराभर शोषून घेते, त्यामुळे तेथे रंग कोरडा व निस्तेज दिसतो. चौथे कारण पोताचे. मूळ रंग रोलरने लावलेला असतो, त्यामुळे भिंतीवर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खवल असते. त्यावर ब्रशने हात मारला की उजेड वेगळ्या रीतीने परावर्तित होतो.

माझ्या मखरामागचा चौकोन तिसऱ्या कारणाचा होता. खिळ्याच्या भोकात पुट्टी भरली, घासली आणि प्रायमर न लावता थेट इमल्शन लावले. डबा संपेपर्यंत हात मारत राहिले असते तरी ती जागा जुळली नसती. कारण प्रत्येक नव्या थरासरशी भोवतालच्या चांगल्या भिंतीवरही चकाकीचा नवा काठ तयार होत होता. ही चूक झालेली असेल तर आणखी रंग लावणे हा उपाय नव्हे. डाग पूर्ण वाळू द्यावा, २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने त्याचा काठ हाताला लागेनासा होईपर्यंत घासावा, पुट्टीच्या जागेवर पातळ केलेल्या पाण्याच्या प्रायमरचा एक हात द्यावा आणि तो वाळल्यावर छोट्या रोलरने रंग लावावा. रोलर मधल्या भागात रंगाने भरलेला असावा आणि कडेकडे जाताना तो कोरडा होत जावा. असे केल्याने रंगाचा थर काठापाशी विरत जातो आणि नजरेला थांबायला रेषा सापडत नाही. डागडुजीचा रंग मुळातल्यापेक्षा किंचित पातळ ठेवला, म्हणजे दहा भाग रंगात एखादा भाग पाणी घातले, तर हे विरणे सोपे जाते.

एवढे करूनही जुळले नाही तर एक जुना नियम आहे आणि तो मुकाट्याने मानावा : कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सबंध भिंत रंगवावी. दोन भिंती काटकोनात मिळतात तेथे उजेड आपोआप बदलतो, त्यामुळे छटेतला थोडा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. भिंतीच्या मध्यात मात्र तो लपत नाही. गडद रंगांच्या व चकाकीच्या भिंतींवर ठिगळ हमखास दिसते. पांढऱ्या, फिक्या आणि मॅट भिंतींवर ते पुष्कळदा खपून जाते. म्हणून गडद निळ्या किंवा विटकरी भिंतीवर लहान डाग काढण्याआधीच सबंध भिंतीची तयारी ठेवलेली बरी.

छटा जोखताना आणखी एक गफलत होते. इमल्शन ओले असताना फिके दिसते आणि वाळल्यावर बहुधा गडद होते. त्यामुळे लावल्याबरोबर ‘जुळत नाही’ म्हणून त्यात पांढरा मिसळण्याची घाई करू नये. दाराआडच्या जागी बोटभर रंग लावून दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात पाहावे. दुकानात यंत्रावर मिसळून घेतलेला रंग पुन्हा मागवायचा असेल तर नुसते नाव पुरत नाही. छटेचा क्रमांक, रंगाचा प्रकार आणि चकाकी हे तिन्ही सांगावे लागतात. क्रमांकही हाती नसेल तर भिंतीचा नाण्याएवढा पोपडा काळजीपूर्वक काढून दुकानात दाखवता येतो.

आधी ओल, मग रंग

आपल्याकडच्या डागडुजीतील सर्वांत महागडी चूक मात्र रंगाच्या आधीच घडलेली असते. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत पोपडे सुटले आहेत, पांढरी भुकटी फुलली आहे, गिलावा बोटाने दाबला तर पोकळ वाजतो आहे. अशा भिंतीवर रंगाचा हात देणे म्हणजे भिजलेल्या अंगावर सदरा घालण्यासारखे आहे.

चिरा हा सच्छिद्र दगड आहे. जमिनीतील ओल त्यातून वर चढते, भिंतीच्या पृष्ठभागाशी येऊन हवेत उडून जाते आणि येताना सोबत आणलेले क्षार मागे ठेवते. हेच क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने दिसतात. आपण त्याला लोणा लागला असे म्हणतो. हे स्फटिक रंगाच्या पापुद्र्यामागे वाढतात तेव्हा रंग फुगतो, फुटतो आणि गळून पडतो. मोरजी, मांद्रे, हरमल या किनारपट्टीच्या गावांत खारे वारे असतात, शिवाय पूर्वी कोणी नीट न धुतलेली खारी वाळू गिलाव्यात वापरलेली असेल तर क्षार भिंतीच्या आतच ठाण मांडून बसलेले असतात. डिचोलीकडे समुद्र नसला तरी डोंगरउतारावर कापून काढलेल्या जागेतील घरांना मागच्या दरडीची ओल लागते. परसदारची भिंत आश्विनापर्यंत थंडगार राहते ती यामुळेच.

ओल भिंतीतून येते की खोलीच्या हवेतली भिंतीवर बसते, हे ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा भिंतीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि दिवस-रात्र तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला दमटपणा धरला असेल तर दोष हवेचा. तेथे खिडकी उघडणे, पंखा लावणे आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे एवढ्यानेही काम भागते. दोन्ही बाजूंना पाणी असेल तर अर्थातच दोन्ही दुखणी आहेत.

ओल भिंतीतली निघाली तर रंगाचा डबा बंद करून बाहेर जाऊन पाहावे. फुटलेले नळे, तुंबलेली पन्हळ, पागोळ्यांचे पाणी जोत्यावर उडणे, अंगणात फरश्या घालताना उंची वाढून पाणी घराकडे वळणे, भिंतीला टेकून रचलेली माती किंवा लाकडे, न्हाणीघराच्या नळाची गळती, यांपैकी काहीतरी सापडतेच. अंगणाच्या फरश्या हे अलीकडचे दुखणे आहे. पूर्वी शेणाने सारवलेले अंगण पाणी जिरवत असे आणि उतार बाहेरच्या बाजूला असे. आता घट्ट फरशीखालची ओल जाणार कुठे, तर भिंतीत. कारण दूर केले तरी हातभर जाडीची भिंत वाळायला काही महिने लागतात. तोवर सुटलेला रंग व भुसभुशीत गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवावी.

लोणा काढतानाही चूक होते. बहुतेक जण ओल्या फडक्याने तो पुसतात. पांढरेपणा जातो, समाधान वाटते. पण क्षार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीतच शिरलेले असतात आणि आठवड्यात परत फुलतात. तो कोरड्या, ताठ केसांच्या ब्रशने झाडावा, खाली कागद अंथरून भुकटी गोळा करावी आणि घराबाहेर टाकावी. पुन्हा फुलला की पुन्हा झाडावा. फुलायचा थांबला म्हणजे भिंत रंगाला तयार झाली असे समजावे.

‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारे जाड रंग आणि लेप आतल्या बाजूने लावण्याचा मोह येथे होतो. पाऊस झेलणाऱ्या बाहेरच्या बाजूला त्यांचा उपयोग आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जमिनीतून चढणाऱ्या ओलीला आतून बूच मारले की ती थांबत नाही, आणखी वर चढते. यंदा गुडघ्याएवढ्या उंचीवर असलेली रेषा पुढील वर्षी खिडकीच्या चौकटीला भिडते आणि लाकूड कुजू लागते. अशा लेपाची चूक आधीच झाली असेल तर तो खरवडून काढण्यावाचून दुसरा मार्ग नाही. त्यावर आणखी एक थर चढवणे म्हणजे खर्च दुप्पट करणे होय.

मग चवथीचे काय? भर पावसात रंग देऊच नये, हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे. इमल्शन असो वा ऑइल पेंट, भिंत आणि हवा कोरडी असताना, म्हणजे दिवाळीनंतर ते मे महिन्याच्या मध्यापर्यंत केलेले काम टिकते. श्रावण-भाद्रपदात करायचेच असेल तर जेथे ओल नाही अशा वरच्या भागाची डागडुजी करावी, दोन हातांमधील अंतर डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट ठेवावे आणि पंखा चालू ठेवावा. खालची ओलसर पट्टी मात्र नुसती खरवडून, झाडून, स्वच्छ करून सोडावी. तिच्यासमोर एखादा पाट किंवा पडदा उभा करण्यात कमीपणा नाही.

चुन्याची भिंत वेगळी

जुन्या घरांच्या भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याच्या असतात. गोव्यात शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे आणि पावसाळा संपला की घराला चुना काढणे हा वर्षाचा नेम होता. चुन्याचे वैशिष्ट्य असे की तो भिंतीला श्वास घेऊ देतो. भिजवलेला चुना भिंतीवर लागल्यावर हवेतील कर्बवायू शोषतो आणि हळूहळू पुन्हा दगड बनतो. पण त्यातील सूक्ष्म छिद्रे शाबूत राहतात, म्हणून ओल आली तशी निघून जाते. अशा भिंतीवर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग लावला तर पहिले वर्ष झकास जाते. नंतर रंग ताव्याच्या पोळीसारखा फुगतो आणि सुटताना गिलाव्याचा थरही ओढून आणतो. सिमेंटने केलेली डागडुजी याच जातीची. सिमेंटचा तुकडा टणक राहतो आणि त्याच्या भोवतालचा मऊ गिलावा झडत जातो. चुन्याच्या भिंतीला चुन्याचेच ठिगळ हवे, मातीच्या भिंतीला मातीचेच.

चुन्याची डागडुजी स्वस्त असली तरी घाईची नाही. चुना आदल्या रात्री भिजवून, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून, ताकाइतका पातळ करावा. कळीचा चुना असेल तर तो थोडा थोडा करून पाण्यात सोडावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो उसळतो आणि अंगावर उडतो. हातमोजे व चष्मा घालावा, कारण डोळ्यात गेलेला चुना बुबुळ जाळतो; तसे झाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहून तत्काळ डॉक्टर गाठावा. लावण्यापूर्वी भिंत पाण्याने ओलसर करावी. येथे हमखास होणारी चूक अशी : ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो, म्हणून माणसाला वाटते काही लागलेच नाही आणि तो दुसरा जाड हात मारतो. दुसऱ्या दिवशी भिंत पांढरीशुभ्र दिसते, पण आठवड्यात भेगा पडून पापुद्रे निघतात आणि कपड्यांना पांढरे लागते. ही चूक सुधारायची तर सुटा चुना कोरड्या ब्रशने पूर्ण झाडून, भिंत ओली करून, पातळ हात एकेका दिवसाच्या अंतराने तीन वेळा द्यावेत. वाळल्यावर तो आपोआप उजळतो. पांढऱ्यात पिवळट झाक वाटत असेल तर शेवटच्या हातात चिमूटभर नीळ पुरते.

पूर्वी कोणी चुन्यावर डिस्टेंपर आणि डिस्टेंपरवर इमल्शन असे थर चढवलेले असतात. नवा रंग लावण्याआधी तळहात भिंतीवरून फिरवून पाहावा. हाताला भुकटी लागली तर त्या भुकटीवर कोणताही रंग धरणार नाही. ती खरवडून, ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, प्रायमर देऊनच पुढे जावे.

पुट्टीतील चुका

खिळ्याचे भोक भरताना पुट्टी वाळल्यावर आकसते, हे विसरले जाते. सपाट भरलेले भोक दुसऱ्या दिवशी खळगा बनते. एका वेळी एक-दोन मिलिमीटरहून जाड थर न देता दोन-तीनदा भरावे आणि शेवटचा थर किंचित वर ठेवून घासावा. खोल खड्डा, उदाहरणार्थ विजेच्या वायरीसाठी फोडलेली खाच, पुट्टीने भरू नये. तेथे आधी सिमेंट-वाळूचा माल भरून, तो मुरल्यावर वरून पुट्टी फिरवावी. नव्या सिमेंटचा क्षारीपणा रंग खातो, म्हणून नवा गिलावा सुमारे चार आठवडे मुरू देण्याचा प्रघात आहे. लवकर सुकते म्हणून काही जण प्लास्टर ऑफ पॅरिस वापरतात. कोरड्या छताला ते ठीक. जमिनीलगतच्या ओलसर भिंतीत ते फुगून मऊ पडते.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावण्यापूर्वी भिंत ओलसर करावी लागते, नाहीतर भिंत तिचे पाणी ओढून घेते आणि ती भुकटी होऊन सुटते. डब्यात तयार मिळणारी ॲक्रिलिक पुट्टी मात्र कोरड्या भिंतीवर लावायची असते आणि ती आतल्या भिंतींपुरतीच. या दोन्हींची सरमिसळ करणारे पुष्कळ असतात. घट्ट होऊ लागलेल्या सिमेंट पुट्टीत पुन्हा पाणी घालून ती मऊ करणे ही दुसरी सवय. अशी पुट्टी बोटाने खरवडली तरी निघते. तासाभरात संपेल एवढीच कालवावी.

भेगांचे दोन प्रकार आहेत. केसासारख्या बारीक भेगा रंगाच्या किंवा गिलाव्याच्या असतात. त्या पत्तीच्या टोकाने किंचित रुंद करून, धूळ झाडून भराव्यात. न उकरता वरून फासलेली पुट्टी भेगेत शिरतच नाही. चिऱ्याची भिंत आणि काँक्रीटचा खांब किंवा तुळई यांच्या सांध्यावरची सरळ भेग दरवर्षी उघडते, कारण दोन्ही वस्तू उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. तेथे जाळीची पट्टी बसवून वरून लवचीक भरणी करावी. तिरपी, पायरीपायरीने जाणारी किंवा वर्षागणिक रुंदावणारी भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. दोन महिन्यांत भेग खुणेपलीकडे गेली तर तो रंगाऱ्याचा विषय राहत नाही, अभियंत्याला बोलवावे.

वर येणारे डाग

छत गळून गेल्यावर उरलेला तपकिरी कडेचा डाग, स्वयंपाकघरातील तेलकट काजळी, मुलांनी काढलेल्या स्केचपेनच्या रेघा ही मंडळी पाण्याच्या रंगाला जुमानत नाहीत. कितीही हात मारले तरी ती वर येतात, कारण रंगातील पाणीच त्यांना विरघळवून वर आणते. गळती थांबली आहे याची खात्री करून, तेलकट जागा साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन व वाळवून, डागापुरता तेलाचा प्रायमर लावावा. तो डाग आत कोंडून ठेवतो. त्यावर मग इमल्शन खुशाल लावावे.

बुरशीवर नुसता रंग लावला तर ती रंगाखाली जिवंत राहते आणि महिन्याभरात काळे ठिपके परत दिसतात. एक भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी असे मिश्रण लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, मग स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळवावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, तोंडाला फडके व हातांत मोजे असावेत. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल किंवा अमोनिया असलेला द्रव कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. ही ताकीद वाचून सोडून देण्यासारखी नाही.

डिचोली तालुक्यातील खाणपट्ट्याची एक खास अडचण आहे. मये, शिरगाव, मुळगाव, पिळगाव या बाजूच्या जुन्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर, खिडक्यांच्या वरच्या कडांवर लाल धूळ मुरलेली असते. ती ओल्या फडक्याने पुसली की भिंतभर तांबूस पट्टे पसरतात आणि रंगाच्या छिद्रांत जाऊन बसतात. लोहखनिजाचा तो अंश आहे, साबणाने जात नाही. आधी कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली धूळ झाडावी, नंतर भरपूर पाण्याने खालून वर भिजवत जाऊन वरून खाली धुवावे. कोरड्या भिंतीवरून ओघळणारे मळके पाणी डाग पाडते, भिजलेल्या भिंतीवरून ते घसरून जाते. धूळ राहिलेल्या भागावर लावलेला रंग त्या धुळीसकट सुटतो.

जुना ऑइल पेंट आणि शिसे

दारे, खिडक्या आणि काही घरांत भिंतींचा खालचा चार फुटी पट्टा ऑइल पेंटचा असतो. त्यावर थेट इमल्शन लावले तर नखाने सोलून निघते. जुना थर कशाचा आहे हे ठरवायला कापसावर स्पिरिट घेऊन घासावे. रंग कापसावर उतरला तर तो पाण्याचा, नाही तर तेलाचा. तेलाचा असेल तर चकाकी जाईपर्यंत घासून, पुसून, योग्य प्रायमर देणे भाग आहे.

आणि येथे एक धोका आहे, ज्याची चर्चा आपल्याकडे कमी होते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये अधिसूचित केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या अशा भडक रंगांच्या ऑइल पेंटमध्ये शिसे पुष्कळ असू शकते. असा थर कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर उडते. रांगणाऱ्या मुलांच्या हातातून ती तोंडात जाते आणि मेंदूच्या वाढीला अपाय करते. जुन्या दारा-खिडक्यांचा रंग शाबूत असेल तर तो न उकरता त्यावरच काम करावे. घासणे अटळ असेल तर पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासावे, मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे, जमिनीवर प्लास्टिक अंथरावे आणि शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. रंग ज्योतीने जाळून काढणे तर सर्वथा टाळावे.

ओघळ, पट्टे, फाटलेल्या कडा

ओघळ ताजा असेल तर रोलर फिरवून तो पसरवता येतो. वरची साय धरू लागली असेल तर हात लावू नये. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश फिरवला की सुरकुत्या पडतात. पूर्ण वाळल्यावर धारदार पत्तीने ओघळाचे टोक छाटून, घासून, पातळ हात द्यावा. रोलरचे उभे पट्टे दिसतात ते बहुधा भिंत मध्येच सोडून चहाला गेल्यामुळे. एक पट्टा ओला आहे तोवर दुसरा त्याला भिडला पाहिजे. चिकटपट्टी काढताना रंग सोलला जातो तो ती फार दिवस ठेवल्याने. शेवटचा हात ओलसर असतानाच ती तिरपी, सावकाश ओढावी. सोललाच तर कड पत्तीने कापून सरळ करावी आणि बारीक ब्रशने भरावी.

जी भिंत रंगवू नये

गोवा आणि कोकणातील काही जुन्या देवळांच्या व घरांच्या भिंतींवर कावीची चित्रे आहेत. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देऊन तो टोकदार हत्याराने खरवडत आतला पांढरा चुना उघडा करायचा, अशी ही पद्धत. लाल-पांढरी वेलबुट्टी, पक्षी, देवदेवता त्यातून उमटतात. चित्र वरून काढलेले नसते, गिलाव्यातच असते. म्हणून त्याचा एखादा भाग झडला तर ऑइल पेंटने रेषा गिरवणे ही दुरुस्ती न करता येणारी चूक ठरते. तेलाचा थर चुन्याच्या छिद्रांत शिरतो, मूळ तांबडा आणि नवा तांबडा कधीच जुळत नाही आणि मागे कोंडलेली ओल सबंध चित्रच ढकलून पाडते. जीर्णोद्धाराच्या उत्साहात सबंध भिंतीला टाइल किंवा डिस्टेंपर चढल्याची उदाहरणे ऐकायला मिळतात तेव्हा वाईट वाटते. पांढऱ्या थराखाली तांबडी नक्षी डोकावत असेल तर खरवडणे तेथेच थांबवावे, उजेड असताना छायाचित्रे घ्यावीत आणि पुरातत्त्व खात्याकडे किंवा चुन्याच्या कामाचा अनुभव असलेल्या वारसा-संवर्धकाकडे विचारणा करावी. देवस्थान समित्यांनी वर्गणीच्या पावत्या फाडण्याआधी हे केले तर पैसाही वाचेल.

डबा ठेवताना

पुढील वर्षीच्या डागडुजीची तयारी यंदाचा रंग संपण्याआधी करावी. मोठ्या डब्यात तळाशी उरलेला रंग हवेमुळे साय धरून खराब होतो. तो गाळून काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरावा, झाकण घट्ट लावावे आणि बरणीवर खोलीचे नाव, छटेचा क्रमांक, रंगाचा प्रकार व तारीख लिहावी. दोन डब्यांतला रंग उरला असेल तर एकत्र मिसळून ठेवावा, म्हणजे छटेत फरक राहत नाही. वापरण्याआधी तळापासून पाच मिनिटे ढवळावे. कुजका वास आला किंवा ढवळूनही गुठळ्या मोडत नसतील तर तो रंग भिंतीवर नेऊ नये, आणि गटारात किंवा विहिरीजवळ ओतूही नये; भुशात किंवा वाळूत जिरवून, सुकवून पंचायतीच्या कचरा संकलनाकडे द्यावा. आमच्या माळ्यावर आता अशा तीन बरण्या आहेत. मखरामागची भिंत मार्च महिन्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवून झाली आहे.